एका ‘ॲक्शन’ची अनेक नावे : मुदखेड, १७ सप्टेंबर आणि शब्दांच्या छटा

१/
नांदेडहून पूर्वेकडे निघालेली गाडी मुदखेडला थांबते. येथून रेल्वेचे दोन मार्ग फुटतात. एक उमरी, धर्माबाद करीत बासर आणि निजामाबादकडे जातो. दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवट करीत आदिलाबादला पोहोचतो. दोन्ही मार्ग शेवटी तेलंगणात शिरतात. राज्याची सीमा ओलांडताच स्थानकांच्या पाट्यांची लिपी बदलते. त्याबरोबर एका ऐतिहासिक घटनेचे नावही बदलते.

२/
ती घटना म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये निझामाच्या हैदराबाद संस्थानाचा झालेला शेवट. मुदखेडमध्ये १७ सप्टेंबर हा ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ असतो. आदिलाबादला त्याच दिवसाला कोणी ‘विमोचन’ म्हणते, कोणी ‘विलीनीकरण’, तर कोणी ‘विद्रोह’. मात्र जुन्या पिढीच्या तोंडी सर्वत्र एकच इंग्रजी शब्द आढळतो : ‘ॲक्शन’. पोलीस ॲक्शन. हा शब्द कोठून आला, त्याला कोणते पर्याय उभे राहिले आणि त्या पर्यायांच्या अर्थांत नेमका काय फरक आहे, याचा हा थ्रेड.

३/
प्रथम मूळ शब्द. इंग्रजीतील ‘ॲक्शन’ अगदी रोजच्या वापरातला आहे. परंतु मराठीत त्याला एकच प्रतिशब्द देता येत नाही. प्रयोगशाळेत ती ‘क्रिया’ असते, गीतेच्या संदर्भात ‘कर्म’, चळवळीत ‘कृती’, न्यायालयात ‘दावा’ आणि रणांगणावर ‘चकमक’. सरकारी दप्तरात तिचे दोन पर्याय होतात : ‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’.

४/
या शेवटच्या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. ‘कार्यवाही’ म्हणजे ठरलेल्या कामाची अंमलबजावणी : अर्ज आला, नोंद झाली, पुढील कार्यवाही सुरू झाली. ‘कारवाई’ हा फारसीतून आलेला शब्द. त्याचाही मूळ अर्थ ‘काम चालविणे’ असाच आहे. पण मराठीत त्याला शिक्षेचा, बडग्याचा अर्थ चिकटला. अर्जावर कार्यवाही होते, अतिक्रमणावर कारवाई होते. ‘पोलीस ॲक्शन’चे मराठी रूपांतर ‘पोलीस कारवाई’ असे झाले, ते याच अर्थाने. कारवाई ज्याच्यावर होते तो दोषी, हे त्या शब्दात आधीच गृहीत असते.

५/
आता घटनेकडे. १९४७ साली हैदराबाद हे लोकसंख्येने हिंदुस्थानातील सर्वांत मोठे संस्थान होते. १९४१ च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे १ कोटी ६३ लाख लोक राहत होते. तेलुगू, मराठी आणि कन्नड या तीन भाषांचा प्रदेश. राज्यकारभाराची भाषा उर्दू. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे त्यात होते. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादचा भाग होता.

६/
जून १९४७ मध्ये निझाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढले. ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपताच आपण पुन्हा स्वतंत्र सत्ताधीश होऊ, असा त्याचा आशय होता. १५ ऑगस्ट उजाडला, पण सामिलीकरणाच्या दस्तऐवजावर निझामांची स्वाक्षरी झाली नाही. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात एका वर्षासाठी ‘जैसे थे करार’ झाला.

७/
येथेच शब्दांचा पहिला पेच दिसतो. ‘सामिलीकरण’ आणि ‘विलीनीकरण’ हे शब्द आज समानार्थी म्हणून वापरले जातात. १९४७-४८ मध्ये ते तसे नव्हते. सामिलीकरण म्हणजे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण ही तीन खाती संघराज्याकडे सोपवून संस्थान म्हणून कायम राहणे. विलीनीकरण म्हणजे संस्थानाचे स्वतंत्र अस्तित्वच संपणे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात गेले, ते विलीनीकरण. हैदराबादने १९४७ मध्ये यातील पहिली पायरीही चढली नव्हती.

८/
दुसरा शब्द, ज्याचा अर्थ याच भूमीत पालटला : ‘रझाकार’. अरबी-फारसी परंपरेतील हा शब्द म्हणजे सरळ ‘स्वयंसेवक’, स्वेच्छेने काम करणारा. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनने आपल्या स्वयंसेवक दलाला हे नाव दिले. त्या दलाचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. १९४७-४८ मध्ये या दलाने गावोगावी लूट, जाळपोळ आणि खून यांचे सत्र चालविले. बीदर जिल्ह्यातील गोरटा येथील मे १९४८ चे हत्याकांड हे त्यातील एक भीषण प्रकरण.

९/
परिणामी मराठवाड्याच्या मराठीत ‘रझाकार’चा मूळ अर्थ पुसला गेला. ‘रझाकारी’ म्हणजे अंदाधुंदी, कोणाचीही मालमत्ता आणि जीव सुरक्षित नसण्याचा काळ. पुढे १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील पाकधार्जिण्या दलाला हेच नाव मिळाले आणि बांगलादेशात ‘रझाकार’ म्हणजे देशद्रोही असा अर्थ रूढ झाला. शब्दाचा अर्थ कोशात ठरतो आणि लोकांच्या अनुभवात बदलतो. अशा वेळी लोक अनुभवाचाच अर्थ धरून ठेवतात.

१०/
‘ॲक्शन’ हा शब्द सप्टेंबर १९४८ पूर्वीच येथे आला होता, तोही उलट बाजूने. स्टेट काँग्रेसने लढ्यासाठी जी समिती नेमली तिचे नाव होते ‘कमिटी ऑफ ॲक्शन’, म्हणजे कृती समिती. दिगंबरराव बिंदू हे तिचे अध्यक्ष. सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड, चांदा अशा संस्थानाच्या सीमेबाहेरील ठिकाणी कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. तेथून आत जाऊन करोडगिरी नाके, पोलीस ठाणी आणि तारा यांवर हल्ले होत असत.

११/
यांतील सर्वांत गाजलेली घटना मुदखेडच्या पुढल्याच टापूतील. ३० जानेवारी १९४८ रोजी सीमेवरील कॅम्पातील कार्यकर्त्यांनी उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर छापा घातला आणि लाखो रुपये लढ्यासाठी नेले. त्याच संध्याकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. उमरीच्या त्या कृतीला काय म्हणावे? निझामी कायद्याच्या दृष्टीने तो सरळ दरोडा. चळवळीच्या दृष्टीने तो लढ्यातील एक मोहीम. आज बोलताना लोक ‘उमरी बँक लूट’ म्हणतात आणि त्यात ‘लूट’ हा शब्द अभिमानाने उच्चारतात.

१२/
म्हणजे १९४८ च्या प्रारंभी मुदखेड-उमरीच्या परिसरात ‘ॲक्शन’चा अर्थ होता सत्तेविरुद्ध लोकांनी केलेली कृती. आठ महिन्यांनी त्याच शब्दाचा अर्थ झाला एका सरकारने केलेली कारवाई. शब्द तोच राहिला, त्याचा कर्ता मात्र बदलला. पुढील सर्व पर्यायी नावे तपासताना हाच प्रश्न उपयोगी पडतो : या शब्दाचा कर्ता कोण आहे?

१३/
१३ सप्टेंबर १९४८. पहाटे भारतीय सैन्य हैदराबादच्या हद्दीत शिरले. मुख्य चढाई सोलापूरहून, मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली, दुसरी बेझवाड्याहून. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल ताब्यात आला. १५ तारखेला औरंगाबाद पडले. १७ रोजी सायंकाळी निझामांनी युद्धबंदी जाहीर केली. १८ रोजी हैदराबादच्या सैन्याचे प्रमुख जनरल एल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली.

१४/
सैन्याच्या कागदांत या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ होते. ‘ऑपरेशन’ हा लष्करी नियोजनाचा शब्द : नकाशा, तुकड्या, वेळापत्रक. त्यात राजकीय समर्थन नसते आणि नैतिक दावाही नसतो. मोहिमेत रणगाडे होते, तोफखाना होता, विमाने होती. यांतील एकही साधन पोलिसांचे नव्हे. तरी जगासमोर नाव गेले ते ‘पोलीस ॲक्शन’. असे का?

१५/
उत्तर आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. युद्ध दोन सार्वभौम राज्यांमध्ये होते. पोलीस मात्र आपल्याच घरात कायदा राखतात. हैदराबादने २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषदेपुढे हा विषय आला. हैदराबादतर्फे मोईन नवाझ जंग आणि भारतातर्फे रामस्वामी मुदलियार उपस्थित होते. हैदराबाद हे राज्य आहे की भारताच्या अंतर्गत बाब आहे, हाच वादाचा मुद्दा होता.

१६/
अशा वेळी ‘युद्ध’ हा शब्द वापरणे म्हणजे हैदराबाद हे वेगळे राज्य असल्याचे मान्य करणे. ‘आक्रमण’ तर त्याहून घातक. ‘पोलीस ॲक्शन’ने दोन्ही टळले. रझाकारांमुळे कायदा व सुव्यवस्था कोलमडली आहे, शेजारच्या प्रांतांवर त्याचा परिणाम होत आहे, म्हणून व्यवस्था पुनर्स्थापित करण्यासाठी केलेली ही मर्यादित कारवाई आहे, असा संपूर्ण युक्तिवाद या दोन शब्दांत सामावला. २२ सप्टेंबरला निझामांनी स्वतःच तारेने तक्रार मागे घेतली.

१७/
हा शब्दप्रयोग दिल्लीने घडविलेला नव्हता. जुलै १९४७ मध्ये डच सैन्याने इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर चढाई केली, तिला डच सरकारने ‘पोलीस ॲक्शन’ असेच नाव दिले होते. इंडोनेशिया ही आपली अंतर्गत बाब आहे, हा डचांचा दावा त्यामागे होता. भारताने तो नाकारला आणि ऑस्ट्रेलियाबरोबर हा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी दुसरी अशीच चढाई केली, तेव्हा पंडित नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई राष्ट्रांची परिषद बोलाविली.

१८/
या दोन घटना सारख्या ठरत नाहीत. इंडोनेशियात परकी वसाहतवादी सत्ता परतू पाहत होती. हैदराबादमध्ये बहुसंख्य प्रजा स्वतःच राजवटीविरुद्ध उभी होती. तरी दोन्ही ठिकाणी तोच शब्द निवडला गेला. पुढे जून १९५० मध्ये कोरियात अमेरिकी सैन्य उतरले. एका पत्रकाराने हिला पोलीस ॲक्शन म्हणावे काय, असे विचारताच राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी होकार दिला. त्या ‘ॲक्शन’मध्ये लाखो माणसे मेली. ‘पोलीस’ हा शब्द संघर्षाचा आकार लहान करून दाखवतो, हे तिन्ही उदाहरणांत समान आहे.

१९/
आता मराठी नाव : ‘मुक्तिसंग्राम’. मुक्ती हा संतांच्या परंपरेतला शब्द. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई आणि पैठणचे एकनाथ यांच्या भूमीत तो नवा नव्हता. मुक्ती म्हणजे बंधनातून सुटका. परंतु सुटका कोणी तरी करूनही मिळते. त्यामुळे केवळ ‘मुक्ती’ म्हटले असते तर श्रेय सोलापूरहून आलेल्या रणगाड्यांना गेले असते. ‘संग्राम’ जोडताच कर्ता बदलतो. संग्राम लोकांनी केला : १९४६ मध्ये अर्जापूरजवळ बळी गेलेल्या गोविंदराव पानसरे यांनी, सीमेवरच्या कॅम्पांनी, उमरीच्या छाप्याने.

२०/
‘स्वातंत्र्य’ हा शब्दही येथे वापरला गेला. स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणींच्या शीर्षकात तो आहे. अनंत भालेराव यांच्या ग्रंथाचे नावही ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ असे आहे. या निवडीत एक निश्चित भूमिका आहे : निझामविरोधी लढा हा भारतीय स्वातंत्र्यलढ्याचाच शेवटचा अध्याय होय. ही भूमिका केवळ ग्रंथांपुरती राहिली नाही. हैदराबादचा लढा ‘स्वातंत्र्यलढा’ म्हणून मान्य झाल्यावरच सीमेवरच्या कॅम्पांत राहिलेल्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून सन्मान आणि निवृत्तिवेतन मिळू शकले. एका शब्दावर अनेक घरांचा उदरनिर्वाह अवलंबून होता.

२१/
नांदेडमध्ये आयुष्य घालविलेल्या नरहर कुरुंदकरांनी या विषयावरील आपल्या लेखनाला ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ असे नाव दिले. दोन्ही शब्द नेमके आहेत. विमोचन म्हणजे बंधनातून सोडविणे. ते १९४८ मध्ये झाले. विसर्जन म्हणजे अस्तित्वाची समाप्ती. ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी झाली, जेव्हा भाषावार रचनेत संस्थानाचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. मराठवाडा प्रथम द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. दरम्यान निझाम १९५० ते १९५६ या काळात हैदराबादचे राजप्रमुख होते. ‘१७ सप्टेंबरला हैदराबाद विलीन झाले’ हे वाक्य म्हणूनच काटेकोर नाही.

२२/
मुदखेडहून आदिलाबादची गाडी धरल्यास पुढे तेलुगू शब्द लागतात. तेथे ‘विमोचन’ आणि ‘विलीनम्’ यांत दीर्घ राजकीय स्पर्धा आहे. संयुक्त आंध्र प्रदेशाच्या काळात हा दिवस शासकीय पातळीवर साजरा होत नव्हता. २०२२ मध्ये एकाच दिवशी केंद्र सरकारने सिकंदराबादला ‘हैदराबाद मुक्ती दिन’, तर तेलंगणा सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ पाळला. २०२४ मध्ये तेथील नव्या सरकारने ‘प्रजा पालन दिन’ असे तिसरे नाव दिले. कर्नाटकात २०१९ पासून हैदराबाद-कर्नाटक विभागाचे नाव ‘कल्याण कर्नाटक’ झाले आणि विमोचनाचा दिवस उत्सवाचा दिवस झाला.

२३/
तेलुगूतील ‘विद्रोहम्’ हा शब्द मराठी वाचकाला हमखास चकवतो. मराठीत विद्रोह म्हणजे बंड, आणि तो गौरवाचा शब्द आहे. तेलुगूत मात्र ‘विद्रोहम्’ म्हणजे दगा, विश्वासघात. १७ सप्टेंबरला ‘विद्रोहाचा दिवस’ म्हणणारे गट त्या दिवशी बंड झाले असे सांगत नाहीत. शेतकऱ्यांचा विश्वासघात झाला असे सांगतात. कारण जमीनदारांविरुद्ध १९४६ पासून चालू असलेला तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढा भारतीय सैन्याच्या आगमनानंतरही थांबला नाही. तो १९५१ पर्यंत चालला, आणि आता त्याच्यासमोर हेच सैन्य होते.

२४/
उर्दूतील शब्द : ‘सुक़ूत-ए-हैदराबाद’. सुक़ूत म्हणजे पतन, कोसळणे. बगदाद आणि ढाका यांच्या पाडावासाठीही उर्दूत हाच शब्द येतो. त्यात कोणी पाडले हे सांगितले जात नाही. जे पडले त्याचाच शोक असतो. हैदराबादचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात ‘ट्रॅजेडी’ आहे. उलट व्ही. पी. मेनन यांच्या १९५६ च्या ग्रंथाच्या नावात ‘इंटिग्रेशन’, म्हणजे एकीकरण, आहे. घटना एकच असून पुस्तकाचे नाव वाचताच लेखक कोठे उभा होता ते समजते.

२५/
येथे सर्वांत कठीण भाग येतो. ‘पोलीस ॲक्शन’ पाच दिवसांत संपली, असे सांगितले जाते. सैनिकी अर्थाने ते खरे आहे. पण त्या दिवसांत आणि त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक जिल्ह्यांत मुसलमानांच्या हत्या, लूट आणि जाळपोळ झाली. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठविले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी संस्थानाचा दौरा केला.

२६/
त्यांच्या अंदाजानुसार किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळले. एकट्या या चार जिल्ह्यांतील मृत १८ हजारांहून कमी नसावेत, असे अहवाल म्हणतो. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही लुटीत सामील असल्याचे त्यात नमूद आहे. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना वाचविल्याचेही त्यात नमूद आहे. हा अहवाल शासनाने तेव्हा प्रसिद्ध केला नाही. अनेक दशके तो सर्वसामान्य वाचकापासून दूर राहिला.

२७/
या मृतांना कोणत्या शब्दात जागा आहे? ‘पोलीस कारवाई’त नाही, कारण कारवाई दोषींवर होते. ‘मुक्तिसंग्रामा’त नाही, कारण ते संग्रामाच्या बाजूचे धरले गेले नाहीत. ‘विलीनीकरणा’त नाही, पाण्यात पाणी मिसळावे तसा तो शब्द आहे आणि त्यात कोणी मरत नाही. ‘सुक़ूत’मध्येही राज्याच्या पतनाचा शोक आहे, नांदेड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातल्या मुसलमान शेतमजुराचा त्या राज्याशी संबंध जेमतेमच होता. त्याचप्रमाणे निव्वळ ‘सुक़ूत’ म्हटले की रझाकारांनी मारलेल्यांना जागा उरत नाही.

२८/
मुक्तिसंग्राम खोटा होता, असा याचा अर्थ नाही. निझामाची राजवट लोकशाही हक्क नाकारणारी होती. रझाकारांचा अत्याचार खरा होता आणि त्याविरुद्ध प्राण देणारे लोकही खरे होते. त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात निरपराध माणसे सूडापोटी मारली गेली, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही विधाने एकमेकांना खोडून काढत नाहीत. एकच शब्द निवडून बाकीचे टाकून दिले, तर मात्र त्यांतील एक विधान निश्चितपणे नाहीसे होते.

२९/
म्हणूनच जुन्या पिढीची सवय लक्षात घेण्याजोगी आहे. मराठवाड्यात मराठी बोलणारे वृद्ध आणि दखनी-उर्दू बोलणारे वृद्ध, दोघेही ‘पोलीस ॲक्शन’ असेच म्हणत आले. हा शब्द सरकारने युक्तिवादासाठी वापरला होता. लोकांनी तो कालगणनेसाठी घेतला. ‘ॲक्शनच्या आधीची गोष्ट’, ‘ॲक्शनच्या साली’ असे म्हटले की वर्ष समजते आणि समोरच्याला बाजू घ्यावी लागत नाही. एकाच बाजारात रोज भेटणाऱ्या माणसांना ‘मुक्ती’ आणि ‘सुक़ूत’ यांपैकी एक शब्द निवडण्यापेक्षा परका इंग्रजी शब्द सोयीचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

३०/
सारांश, कर्त्याच्या प्रश्नानुसार :
• पोलीस ॲक्शन : कर्ता दिल्ली, संघर्ष अंतर्गत.
• ऑपरेशन पोलो : कर्ता सैन्य, हेतूविषयी मौन.
• मुक्तिसंग्राम, स्वातंत्र्यसंग्राम : कर्ते लोक.
• विमोचन : सुटका झाली, कोणी केली हे संदर्भाने ठरते.
• सामिलीकरण : करार, संस्थान शिल्लक.
• विलीनीकरण, एकात्मता : कर्ता अदृश्य, संस्थान संपते.
• विद्रोहम् (तेलुगू) : दगा, बोलणारा शेतकरी लढ्याच्या बाजूचा.
• सुक़ूत : पतन, बोलणारा गेलेल्या राज्याच्या बाजूचा.

३१/
आज मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. या दलाची स्थापना १९३९ मध्ये नीमच येथे ‘क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह्ज पोलीस’ या नावाने झाली, तीही संस्थानांमध्ये ब्रिटिश सत्तेचे हित राखण्यासाठी. १९४९ च्या कायद्याने दल तेच राहिले आणि नाव बदलले. ‘पोलीस’ या शब्दाच्या छटांचा अभ्यास करणाऱ्यास याच गावात दुसरा धडा मिळतो.

३२/
येत्या १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजारोहण होईल, शाळांतून भाषणे होतील आणि ‘मुक्तिसंग्राम’ हाच शब्द उच्चारला जाईल. तो उच्चारण्याचा हक्क या भूमीने कमावलेला आहे. त्याच दिवशी घरातील ऐंशी-नव्वदीच्या माणसाला ‘ॲक्शनच्या वेळी आपल्या गावात काय झाले होते’, एवढे विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे. कोणी ताम्रपटाची गोष्ट सांगेल, कोणी धान्याच्या पेवात लपविलेल्या शेजाऱ्याची, कोणी परत न आलेल्या भावाची. ही माणसे आता थोडी उरली आहेत.

(थ्रेड समाप्त. आपल्या गावात या घटनेला कोणते नाव वापरले जाते, ते गाव आणि तालुक्यासह खाली नोंदवावे.)

#मराठवाडा #मुदखेड #नांदेड #मुक्तिसंग्राम #इतिहास #मराठी